भोपाळची पुडी आणि तन्वीचं पाणी

या, अशा जवळ या. दारात काय उभ्या राहता पाहुण्यासारख्या? मी भोपाळहून परत येऊन इतके दिवस झाले आणि गल्लीतल्या एकीनंही विचारलं नाही की वत्सलाबाई, प्रवास कसा झाला. विचारलं काय, तर 'साडी आणली का?' आणली. ती शेवटी दाखवीन. आधी बसून नीट ऐका, आणि मधेच कुकर बघायला पळू नका. मला बोलण्यापेक्षा लिहायला वेळ लागतो, शाळा अर्धीच झालेली, म्हणून हे कागदावर उतरवायला चार दुपारी गेल्या. आता तुम्ही अर्ध्यात उठलात तर मला राग येईल, आणि आधीच मी बरीच रागात आहे.

माझी धाकटी बहीण सुलभा लग्न होऊन नागपूरची भोपाळला गेली, तिथल्या मोठ्या कारखान्यात भाऊजींना नोकरी होती म्हणून. भाऊजी रिटायर झाले, पण मुलगा प्रशांत त्याच कारखान्यात लागला, त्यामुळे कारखान्याच्या वसाहतीतलं बरखेड्याचं क्वार्टर राहिलं. प्रशांतची सध्या बाहेर साइटवर बदली आहे, सूनबाई त्याच्याबरोबर आहे. त्यांची मुलगी तन्वी कॉलेजसाठी आजी-आजोबांजवळ राहते. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष.

तन्वीला सिकलसेल आहे. तुम्ही लगेच एकमेकींकडे बघू नका. आपल्या भागात हे नाव कुणाला नवीन नाही, फक्त तोंडानं उच्चारायचं नाही असा रिवाज आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल हव्यात, त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. अडकल्या की दुखतं. ते दुखणं मी तन्वी सहा वर्षांची असताना पाहिलं आहे. पोर गादी दातांत धरायची. आईकडून अर्धं, बापाकडून अर्धं असं येतं ते. प्रशांतच्या लग्नात गुण जुळवले, मान-पान जुळवलं, मंगल कार्यालयाची तारीख जुळवली. रक्त कुणी बघितलं नाही.

मग तिला डॉक्टरांनी रोजची कॅप्सूल सुरू केली आणि पोर मार्गी लागली. शाळा झाली, सायकल शिकली. म्हणून या चैत्रात सुलभेचा फोन आला, 'ताई, ये ना थोडे दिवस, तन्वीचं दुखणं परत सुरू झालंय,' तेव्हा मी बॅग भरली. बॅगेत लोणचं, शेवग्याच्या पाल्याची पूड, आणि माझ्या अंगणातल्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीची कुटलेली पुडी. ती गुळवेल तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ताप आला की अर्धी गल्ली कात्री घेऊन माझ्याच फाटकात उभी असते.

बरखेडा

गाडीचं काही सांगण्यासारखं नाही. बरखेडा मात्र बघावं असं आहे. रस्ते असे रुंद की आपल्या तीन गल्ल्या शेजारी शेजारी मावतील, दोन्ही बाजूंना कडुनिंब, आणि चैत्र असल्यामुळे खाली पांढऱ्या मोहराचा सडा. सकाळी भोंगा वाजला की माणसं स्कूटरवरून एका दिशेनं निघतात, भाऊजी अजून त्या भोंग्याला उठतात आणि मग आठवतं की आपण रिटायर आहोत.

सकाळी पोहे आले. आपण पोह्यांवर झणझणीत तर्री ओततो, हे लोक त्यात बडीशेप टाकतात, वरून शेव, आणि शेजारी गरम जिलबी. 'गोडाबरोबर पोहे?' मी म्हटलं. भाऊजी म्हणाले, 'ताई, एकदा खाऊन तर बघा, नागपूर विसराल.' खाल्ले. नागपूर विसरले नाही, पण जिलबी दोनदा घेतली.

तन्वी बाहेर आली नाही. आतल्या खोलीत गुडघ्याखाली उशी, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. चेहरा उतरलेला, डोळे पिवळसर.

'परीक्षेचं टेन्शन घेऊन राहिली ती,' सुलभा म्हणाली.

'आजी, टेन्शन गुडघ्यात होतं का?' तन्वी म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. 'मावशीआजी, बस ना. पाया पडायला वाकता येत नाही, उधारी ठेव.'

मी तिचा हात हातात घेतला. कोरडा. ओठांना भेगा. भोपाळचं ऊन आपल्याइतकं नसेल, पण चैत्र तो चैत्रच. मी माठातून पेला भरून आणला, तर पोरगी पेल्याकडे बघते आणि मग आजीकडे बघते. जशी काही मी तिला दारू देत होते.

'पथ्य आहे तिचं,' सुलभा म्हणाली. 'संध्याकाळपर्यंत फक्त घोट घोट.'

'कसलं पथ्य?'

तेव्हा देव्हाऱ्यामागून जुनी कॉफीची बरणी निघाली. आत हिरवट-तपकिरी पूड. आनंद नगरचे एक वैद्यजी देतात, जडीबुटीची, सिकलसेल मुळापासून जातो म्हणे. सकाळी अनशापोटी दोन चमचे घ्यायची, मग दिवे लागेपर्यंत पाणी नावापुरतं, आंबट बंद, आणि इंग्रजी औषध अजिबात नाही.

'अवं, पण तिची कॅप्सूल?'

'ती तर डॉक्टरांनीच बंद केली,' सुलभा म्हणाली आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं. 'बघ, म्हणजे गुण येऊनच राहिला ना?'

डॉक्टरांनी बंद केली म्हटल्यावर मी कोण बोलणार? पण डोक्यात किडा वळवळत राहिला. कॅप्सूल बंद होण्याइतकं बरं वाटत होतं, तर ही पोर गुडघ्याखाली उशी घेऊन का पडली आहे? आणि लहानपणापासून तिला प्रत्येक डॉक्टर काय सांगत आला? पाणी पी. थंडीत पी, उन्हात जास्त पी, तहान नसली तरी पी. रक्त वाहतं राहायला हवं. त्याच पोरीचं पाणी आता तोडलं होतं.

माझी गुळवेलीची पुडी मी सुलभेच्या हातात दिली. ती खूश. 'छान केलंस. हीसुद्धा त्यात मिसळते.'

चैत्रगौरीचं हळदीकुंकू

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुलभेकडे हळदीकुंकू होतं. तिथल्या मराठी बायका हे सगळं आपल्यापेक्षा जोरात करतात, ते मात्र मान्य करायला हवं. आरास अशी की बघत राहावं, कैरीची डाळ, भिजलेले हरभरे, पन्हं, गजरे. बोलणं मात्र मजेचं. एक म्हणते, 'सुलभाताई, सब्जी काय टाकली गं या डाळीत?' दुसरी म्हणते, 'मी तर आज सकाळपासून इतकी परेशान झाले!' घरात मराठी बोलतात म्हणून अभिमान, आणि प्रत्येक वाक्यात एक हिंदी पाहुणा जेवायला बसलेला.

तन्वीला नवी साडी नेसवून बसवलं होतं. कारण बायकांमध्ये एक देशपांडेबाई होत्या, त्यांचा भाचा इंजिनिअर, हे मला नंतर कळलं.

देशपांडेबाईंनी विचारलं, 'चालताना जरा लंगडतेय का गं ही?'

'नाही, थोडा वाताचा त्रास आहे,' सुलभा म्हणाली. 'थंडीचा.'

चैत्रात थंडीचा वात! माझ्या हातातली डाळ खाली सांडायची राहिली. तन्वीनं माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'हो, विसाव्या वर्षीच वात आलाय. पुढच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.'

बायका हसल्या. सुलभा हसली नाही.

पन्हं आलं. तन्वीनं हात मागे घेतला. आंबट बंद, पाणी बंद. एवढ्या बायका गार पन्हं पीत बसल्या आणि ती पोर ओठ चाटत वाट्या पोचवत होती. आणि मग स्वयंपाकघरात भांडी ठेवताना एकीनं मला हळूच विचारलं, 'तुमच्या तन्वीलाही आनंद नगरचीच पुडी आहे ना? आमच्या मुलाला तीच सुरू आहे. पण कुणाला बोलू नका हं.' थोड्या वेळानं दुसरी. तिच्या पुतणीला. तीसुद्धा 'कुणाला बोलू नका.' म्हणजे बघा. एका खोलीत बसलेल्या बायका, तिघींच्या घरी तोच आजार, तीच पुडी, आणि तिघी एकमेकींना वाताचा त्रास सांगताहेत. अशा लपवण्याला मी काय म्हणू? बायांनो, तुम्हीच सांगा. तुम्हाला तर चांगलं ठाऊक आहे.

आनंद नगर

मी हट्ट धरला की मला त्या वैद्यजींना बघायचं आहे. सुलभा म्हणाली, 'चल, तन्वीलाही न्यायचंच आहे, पण तिथे तोंड सांभाळ.' सांभाळते म्हटलं.

रायसेन रोडवर टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर काचेचं दार. आत गार हवा, भिंतीवर हिमालयाचं मोठं चित्र, बाहेर रांग. मला वाटलं होतं एखादा साधा जाणता माणूस असेल, खलबत्ता घेऊन बसलेला. हे तर मोबाईलवर बोलत होते, मनगटावर भलं मोठं घड्याळ.

रांगेत आमच्या पुढे एक बाई होती, बैतुलकडची, मांडीवर लहानगी. लहानगीची बोटं सुजलेली होती, तिला धड मूठ मिटता येत नव्हती. बसनं पहाटे निघाल्या होत्या म्हणाली. पोरगी पाण्यासाठी कुरकुरत होती. बाईनं बाटली काढली तर दाराजवळचा माणूस ओरडला, 'अभी नहीं, दवा के बाद भी नहीं! बोला ना पानी बंद!' बाईनं घाबरून बाटली पदराखाली घातली.

मी उठले. त्या बाईच्या पदराखालची बाटली काढली, झाकण उघडलं आणि लहानगीच्या तोंडाला लावली. ती घटाघटा प्यायली. तो माणूस म्हणाला, 'माताजी, ये क्या कर रही हैं?' मी म्हटलं, 'पानी पिला रही हूँ. तुमको भी देऊ क्या?' माझी हिंदी अशीच आहे, पण त्याला कळली.

आत गेलो. वैद्यजींनी तन्वीची नाडी धरली, डोळे मिटले, मग पहिला प्रश्न. 'अंग्रेज़ी दवा तो नहीं चल रही?'

'नहीं, नहीं, बिलकुल नहीं,' सुलभा म्हणाली.

'इसमें क्या क्या है, वैद्यजी?' मी विचारलं. 'हमारे घर पे गुळवेल है, मतलब गिलोय. वो है क्या इसमें?'

'माताजी, ये गुरु की विद्या है. बताने से असर चला जाता है. पचमढ़ी के जंगल से अमावस को लाते हैं, अपने हाथ से.'

'और पानी क्यों बंद?'

'पानी से दवा पतली हो जाती है.'

'और खून गाढ़ा हो गया तो?'

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. 'आपकी बहन को विश्वास है, आपको नहीं है. बिना विश्वास के कोई जड़ी काम नहीं करती.'

ऐकलंत? म्हणजे बरं झालं तर पुडीनं, नाही झालं तर माझ्या अविश्वासानं. असा धंदा कुणाला नको? मी बाहेर पडले तेव्हा माझे कान तापले होते. झाडपाल्यावर माझा राग नाही, हे लिहून ठेवते. अर्धं आयुष्य मी काढे उकळण्यात घालवलं. अडुळसा, शेवगा, निर्गुडीचा शेक, सगळं माझ्या आईकडून आलेलं आहे. तन्वी लहान असताना तिच्या पायांना कोमट तिळाचं तेल मीच लावायचे, तिला बरं वाटायचं. पण तेल लावलं म्हणून आजार गेला असं मी कधी म्हटलं नाही. आणि कुणाला वाटत असेल की अमुक मुळीनं सिकलसेलचं दुखणं हलकं होतं, तर तपासा ना नीट! आदिवासी लोक कितीतरी मुळ्या वापरतात, कुणीतरी बसून त्यांचं ऐका, प्रयोगशाळेत न्या, खरं ते खरं आणि खोटं ते खोटं सांगा. कुणी हात धरलेत? तपासायचं कुणी नाही, विकायला मात्र काचेचं दार.

करोंद

त्या दिवसांत भाऊजींना वर्षाचे गहू भरायचे होते. भोपाळकर शरबती गव्हाबद्दल असं बोलतात जसं आपण संत्र्यांबद्दल. मी म्हटलं, मीही येते. करोंदची मंडी म्हणजे गव्हाचे ढीगच ढीग, वर कबुतरं, खाली ट्रॅक्टर, धुळीत सोनं सांडल्यासारखं. भाऊजींनी मूठभर गहू उचलून दोन दाणे चावले आणि डोळे मिटले. नाडी बघणारे वैद्यजी आठवून मला हसू आलं.

पोती चढवेपर्यंत मी बाहेरच्या दुकानांच्या रांगेत फिरले. एका दुकानात गोण्या लावलेल्या. हिरडा, बेहडा, मोहाची फुलं, चिरायता, आणि गुळवेलीचे वाळलेले तुकडे, तीन गोण्या. मधल्या गोणीवर एक कुत्रं आरामात झोपलेलं होतं. मागे चक्की सुरू होती आणि तिच्याशेजारी प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा ढीग. त्यावर हिमालयाचं चित्र. तेच. सुलभेच्या बरणीत रिकामी केलेली पिशवी मी पाहिली होती.

'ये किसका है भैया?' मी विचारलं.

'आनंद नगर वालों का ऑर्डर है अम्मा. आपको भी चाहिए? गिलोय, चिरायता, जो बोलो पीस देंगे. जितना बोलो उतना मिला देंगे.'

'अमावस को लाते हैं ना जंगल से?'

तो दुकानदार इतका हसला की कुत्रं जागं झालं. 'अम्मा, हम तो ट्रक से लाते हैं.'

भाऊजींना सगळं सांगितलं. परतताना जुन्या शहरातून आलो, तिथे त्यांनी मला चहा पाजला. एक घोट घेतला आणि मी कप ठेवला. 'भाऊजी, साखरेच्या जागी मीठ पडलंय त्याच्या हातून.' भाऊजी म्हणाले, 'इथला चहा असाच असतो, नमकवाला.' मग म्हणाले, 'ताई, ती कॅप्सूल. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या पंधरा दिवस थांबवा, रक्त परत तपासायला या. आम्ही गेलोच नाही.'

तो खारट चहा मी एका दमात संपवला.

परत बरखेडा

त्या संध्याकाळी व्हरांड्यात तन्वीजवळ बसले. सुलभा भाजी निवडत होती. मी सरळ विचारलं, 'डॉक्टरांनी कॅप्सूल का थांबवली?'

'रिपोर्ट गडबड आला ना,' तन्वी म्हणाली. 'लिव्हरचा. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, कॅप्सूलमुळेही होऊ शकतं, काही दिवस थांबवून बघू.'

'त्यांनी विचारलं नाही, दुसरं काही खातेस का?'

'विचारलं. लिहिता लिहिता. "कुछ और तो नहीं लेती?" मी तोंड उघडलं.' तन्वीनं आजीकडे पाहिलं. 'आणि आजीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.'

सुलभेच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. 'अगं, मॅडम ओरडतात! मागच्या वेळी त्या बाईवर किती ओरडल्या होत्या, सगळ्या ओपीडीसमोर. जडीबुटीचं नाव घेतलं की अडाणी समजतात आपल्याला.'

'आणि वैद्यजींना कॅप्सूल सांगितली नाहीस, कारण ते औषध देणार नाहीत,' मी म्हटलं.

'मग काय करायचं होतं मी?' सुलभेचा आवाज चिरला. 'पोरीला जन्मभर कॅप्सूल खायला लावू? कुणी विचारेल तिला? ताई, तू दोन दिवस येतेस, मी रोज बघते.'

तीही काही चूक बोलत नव्हती. रोज बघते ती. पण बघा ना, किती विचित्र झालं होतं. पुडी आधीपासून सुरू. तिच्याबद्दल डॉक्टरांना माहीत नाही. रिपोर्ट बिघडला, त्यांनी दोष दिला कॅप्सूलला, कारण त्यांच्यासमोर दुसरं काही ठेवलंच नव्हतं. कॅप्सूल थांबली आणि घरच्यांना वाटलं, पुडीनं जिंकलं. एका पायावर पाय ठेवला आणि पोरीचं खरं औषध गेलं.

सकाळी मी एक मोठा स्टीलचा डबा घेतला. त्यात कॉफीची बरणी ठेवली, हिमालयाची पिशवी ठेवली, आणि माझी गुळवेलीची पुडीही ठेवली. माझ्या कडुनिंबावरची असली म्हणून काय झालं? तपासायची तर तीही तपासायची.

'मी येत नाही,' सुलभा म्हणाली. भाऊजी आले. तन्वी माझ्या हाताला धरून पायऱ्या उतरली.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, चष्मा कपाळावर, समोर माणसांची रीघ. मी डबा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि उघडला. त्यांनी बरणी बघितली आणि सुरू झाल्या. 'ये क्या है? आप लोग पढ़े-लिखे होकर! लिवर ख़राब करना है बच्ची का? इसीलिए तो...' मागची रांग थांबून ऐकायला लागली. तन्वी खाली बघत होती.

आता मला सांगा, गप्प बसायचं होतं का मी? मी टेबलावर हात ठेवला. 'मॅडम. बस. आप चिल्लाते, इसलिए लोग छुपाते. आज छुपाया नहीं, डब्बे में भरके लाया, तो भी चिल्लाते. फिर अगली बार कौन लाएगा?'

त्या थांबल्या. चष्मा कपाळावरून नाकावर आला. मला वाटलं, आता बाहेर काढतील. त्यांनी मागच्या रांगेला हातानं जरा मागे सरकायला सांगितलं, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच तन्वीकडे बघून विचारलं, 'तुम बताओ. कब से, कितना, और क्या क्या.'

तन्वीनं सगळं सांगितलं. पुडी, पाणी, आंबट, उन्हातलं कॉलेज, लघवी पिवळी होणं. वाताचं नाटकसुद्धा सांगितलं, तेव्हा डॉक्टर मॅडमना हसू आलं.

मग त्या नीट बोलल्या. 'इसमें क्या मिला है, मुझे नहीं पता. गिलोय कुछ लोगों के लिवर पर असर करती है, हर किसी के नहीं. दोष किसका है, ये तभी पता चलेगा जब सब बंद करके खून फिर देखेंगे.' माझी पुडी त्यांनी उचलली. 'ये किसकी है?'

'मेरी,' मी म्हटलं. 'वो भी बंद.'

'और पानी?' त्यांनी विचारलं.

'वो अभी से चालू,' तन्वी म्हणाली. बाहेर येऊन तिनं थंड पाण्याच्या नळाखाली बाटली भरली आणि पायरीवर बसून प्यायली, एकदा, दोनदा. भाऊजी दुसरीकडे बघत उभे होते आणि रुमालानं चष्मा पुसत होते.

निघताना

सुलभा स्टेशनवर आली नाही. डबा भरून दिला, त्यात माझ्या आवडीची शेंगदाण्याची चटणी होती, पण तोंडानं बोलली नाही. देशपांडेबाईंच्या भाच्याचं काही झालं नाही. तन्वीनं स्वतःच त्यांना फोन करून सांगितलं म्हणे, 'काकू, मला वात नाही, सिकलसेल आहे, भाच्याचं रक्त तपासून घ्या आणि मग बोलू.' देशपांडेबाई अजून बोलल्या नाहीत. नको बोलू देत.

परवा तन्वीचा फोन आला. पुडी थांबवल्यावर रक्त परत बघितलं, लिव्हरचा आकडा खाली आला, आणि कॅप्सूल परत सुरू झाली, आधी थोडी. 'अजून दुखतं गं मधून मधून, मावशीआजी. पण पेपर देऊन राहिले.' मागे सुलभेचा आवाज ऐकू आला, 'पाणी घे, मग बोल.' एवढंच. माझ्याशी बोलायला ती फोनवर आली नाही.

तर बायांनो, साडी कपाटात आहे, ती बघायला या. पण रिकाम्या हातानं येऊ नका. देव्हाऱ्यामागे, पिठाच्या डब्यात, उशीच्या खोळीत जी काही बरणी लपवली असेल, ती घेऊन या. माझा मोठा डबा आहे. मी तुमच्याबरोबर येईन, डॉक्टर ओरडले तर मी आहे. एकेकीनं नको, सगळ्याजणी एकदमच जाऊ. मग कोण कुणापासून लपवणार?

आणि सुले, हे कागद भोपाळलाही पाठवतेय, भाऊजी तुला वाचून दाखवतील, मला माहीत आहे. रागावली असशील तर तिथे बसून रागावू नकोस, इथे येऊन रागाव. तन्वीचे पेपर संपले की तिला घेऊन ये. दारच्या आंब्याला कैऱ्या लागल्यात, आणि मागच्या वेळी त्या पोरीला पन्हं मिळालं नव्हतं. लवकर ये गं. मोठा माठ घेतलाय, तो भरून ठेवते.